टाके सुईवर असताना

क्रोशाची सुई पिशवीत नाही असा माझा एक दिवस गेला नसेल. बसची वाट बघताना, रॉकेलच्या रांगेत, दळण होईपर्यंत गिरणीच्या ओट्यावर, कुठंही मी चार खांब, म्हणजे उभे टाके, घालून घेई. क्रोशाचं सुख हे की सुईवर एका वेळी एकच टाका असतो. कुणी हाक मारली की तो जरा लांब ओढायचा, सुई काढायची आणि उठायचं. परत येईपर्यंत काम तसंच राहतं.

माझी धाकटी जाऊ सिंधू मात्र दोन सुयांवर लोकर विणायची. माझे रुमाल, तोरणं बघून म्हणायची, "ताई, तुमच्या कामात दोरा कमी आणि भोकंच जास्त." मी म्हणे, तुझ्यासारखे दोन्ही हात अडकवून बसायला मला सवड नाही बाई. तिनं मला शिकवायचा दोनदा प्रयत्न केला. माझं चित्त लागलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली सिंधूला पहिल्यांदा दिवस गेले. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं-विणायचं नाही, असं सासूबाईंचं सक्त सांगणं होतं. मग सिंधूनं नवऱ्याचा, म्हणजे गोरक्षभावजींचा, बिनबाह्यांचा स्वेटर विणून हौस भागवली.

आणि डिसेंबरात, आठव्यातच, ती बाळंत झाली. मुलगी. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं बायका म्हणत. त्या दिवशी ते कुणीच बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

पंचवटीतलं लहानसं प्रसूतिगृह होतं ते. नदीवरून येणारा गार वारा खिडकीच्या फटीतून आत शिरे. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन सांगून गेल्या, पोरगी रडते चांगली, चमच्यानं दूधही घेते, पण अंग गार पडतंय. डोकं झाकून ऊब धरा. संध्याकाळपर्यंत ऊब धरली नाही तर काचेच्या पेटीत ठेवायला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. त्या गारठ्यात तिला बाहेर काढणं धोक्याचंच होतं.

शेजारणींनी दिलेली टोपडी तिच्या नाकापर्यंत उतरत. फडकं गुंडाळलं तर पाजताना सुटे. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुन्याचंच घालायचं, म्हणून नव्या लोकरीची टोपी सासूबाईंना चालणार नव्हती. मग भावजींनी अंगातला स्वेटर काढला आणि मी तो उसवायला घेतला. सातपूरच्या कारखान्यातल्या पाळीवरून ते थेट इकडे आले होते. नुसत्या सदऱ्यावर दारात उभे राहिले.

टोपी मी क्रोशानंच केली. माथ्यापासून सुरुवात करून गोल वाढवत न्यायची, मधेच डोक्यावर ठेवून बघायची. एवढंसं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं, पण माप अगदी नेमकं बसलं. मला वाटलं, झालं काम. सिंधूनं झोपल्या झोपल्या त्यावरून तळवा फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. खांबांच्या मधून वारा लागत होता. मग मी उसवून बारीक टाक्यांची घट्ट टोपी केली. ती वाटीसारखी ताठ झाली आणि पोरीच्या कपाळाला लाल वळ उठला.

"सुयांवरच करावी लागेल," सिंधू म्हणाली.

भावजी घरी जाऊन तिच्या सुया घेऊन आले. पण बाळंतिणीनं सुई धरली तर डोळे जातात, म्हणून सासूबाईंनी त्या माझ्याच हातात दिल्या. सिंधू सांगे, सुलट, उलट, सुलट, आणि मी विणे. प्रत्येक टाका सुईवर उघडाच असतो, एवढं एक त्या विणकामातलं मला ठाऊक होतं. ऊन खिडकीवरून सरकत होतं. तरी अर्धी टोपी झाली. वीण मऊ पडली होती, बोटानं ताणावी तशी ताणली जात होती.

तेवढ्यात आयाबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी न्यायला हाक मारली. मी उठले. उठता उठता शेवटचा टाका लांब ओढला, सुई काढली आणि विणकाम खाटेवर ठेवलं. वर्षानुवर्षांचा हात. मागून सिंधूचं "ताई" ऐकू आलं तेव्हा कुठं मी वळून पाहिलं.

सगळे टाके मोकळे पडले होते. विणकाम उचलायला गेले, तर ओढ बसून दोन टाके भराभर खाली निसटले. मी तिथंच थांबले. हात लावावा तर आणखी सुटतील, न लावावं तर संध्याकाळ होत चाललेली.

सिंधूनं हात पुढं केला. "द्या इकडं."

"अगं, डोळे जातील नं," सासूबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या. ही गेल्यावर डोळे ठेवून बघू कुणाला?"

सासूबाई उठल्या, मला खाटेची एक बाजू धरायला लावली आणि खाट उन्हाकडे ओढली. म्हणाल्या, "उजेडाला तरी बस."

सिंधूनं एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून घेतला. निसटलेले दोन वर आणायला तिनं माझी क्रोशाची सुई मागून घेतली. मग ती विणत राहिली. पोर तिच्या कुशीत, आणि लोकरीची लड सासूबाईंच्या दोन्ही हातांवर. मी पिशवी भरून आणली आणि पायथ्याशी उभी राहिले.

टोपी घातली ती कानांवरून खाली नीट बसली. आता नुसती वाट बघायची. बाहेर भावजींनी आणलेली टॅक्सी उभी होती. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांनी आधी पायांना हात लावला, मग टोपीत दोन बोटं घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"ऊब धरलीय," त्या म्हणाल्या. "आजची रात्र इथंच राहू दे."

भावजी टॅक्सीवाल्याला सांगायला गेले. सिंधूनं उरलेली लोकर जवळ ओढली, पायमोजे करते म्हणाली. सासूबाईंनी तिच्या हातातल्या सुया काढून घेतल्या आणि स्वतःच्या मांडीखाली सारल्या.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. "लय झालं. डोळे मीट."