आकिबची तीन पत्रं

शुक्रवारी भरदुपारी फोनच्या दोन रिंगा वाजून थांबल्या आणि अजीजाने सवयीने वायर कॉम्प्युटरच्या मोडेमला लावून टाकली. हात आपलं काम करून मोकळा झाला, डोकं मागाहून आलं.

आखातात माणूस असलेल्या घरांत फोन न उचलताच निम्मे निरोप कळतात. रोह्याच्या या घरात एक रिंग म्हणजे ‘मी बरा आहे’. दोन रिंगा म्हणजे ‘वायर लाव, मला घरच्या कॉम्प्युटरमधलं काहीतरी हवंय’. अजीजाचा नवरा आकिब तिकडे नोकरीला होता. त्याची बहीण सहर पुढच्या खोलीत मुलींचा कॉम्प्युटर क्लास चालवायची. तीन मशिनं, एकमेकांना जोडलेली. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात रजेवर आला तेव्हा आकिबने त्यातल्या एकाला मोडेम बसवला. तिकडून फोन लावून पासवर्ड दिला की इथला कॉम्प्युटर त्याच्या हाताने चालायचा. बायकोला त्याने बजावलं होतं, “पासवर्ड माझ्याकडं, वायर तुझ्याकडं. दोघांशिवाय दार उघडायचं नाय.” फोन काढून त्याच्या जागी लावायची ही मोडेमची वायर एरवी अजीजाच्या कपाटात, कपड्यांखाली असायची.

आज मात्र त्याचा फोन संध्याकाळी पाचला यायचा होता. आणि आत्ता वाजले होते पावणेदोन, म्हणजे तिकडचे सव्वाबारा. जुम्म्याच्या नमाजाची वेळ! सासरे ताजुद्दीन इथे मशिदीत गेले होते, सहर पेणला गेली होती. आकिबने तर ताप असतानाही कधी जुम्मा चुकवला नव्हता. मग हा कोण?

पडद्यावर पासवर्डची चौकट आली, भरली गेली आणि मिटली. बाण आपसूक हलायला लागला. रिकाम्या घरात कोणी न शिवता ते यंत्र चाललं होतं. बाण सरळ एका फोल्डरवर गेला. त्यात तीन पत्रं होती.

त्या तीन पत्रांवर आकिबचा जीव टांगलेला होता. तो तिकडे एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर. परांची कुजलीय, माणसं चढवू नका, असं त्याने मॅनेजरला तीनदा लिहून दिलं होतं आणि तिन्हींवर पोच म्हणून मॅनेजरची सही घेतली होती. रजेवर आला तेव्हा सहरच्या स्कॅनरवर त्यांची नक्कलही करून ठेवली होती. ऑगस्टमध्ये परांची कोसळली आणि शिवा मेला. शिवा पेणजवळच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या इंदुबाईचा एकुलता एक. त्याला व्हिसा मिळवून देणारा आकिबच. कंपनीने कागद फिरवले : शिवाने सेफ्टीचा पट्टा बांधला नव्हता आणि देखरेख आकिबची होती. आकिबची मूळ पत्रं कपाटासकट उचलली, पासपोर्ट तर आधीपासूनच त्यांच्याकडे. उद्या चौकशी होती. घरून फॅक्स मागवावा तर मशीन मॅनेजरच्याच टेबलावर. म्हणून पाच वाजता एका दोस्ताच्या घरून तो ती पत्रं ओढून घेणार होता.

बाणाने तिन्ही पत्रं एकदम निवडली आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. सहरच्या हाताखाली शिकलेलं एवढं इंग्रजी अजीजाला येत होतं. पुसायची का?

तिने वायर उपटली.

आकिबला मारून पासवर्ड काढला असेल का? तिने फोन परत त्याच्या जागी जोडला आणि जोडते तोच तो वाजला.

“अजीजा,” आकिबच होता. “तार निकल गई क्या? फिर से लगा दो.”

आवाज त्याचा, पण हिंदी! बायकोशी तो जन्मात कधी हिंदी बोलला नव्हता. त्याच्या शेजारी कोणीतरी बसलंय, आणि ते ऐकतंय, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

“आप खुद ही मिटा रहे हैं?” तिनेही हिंदीतच विचारलं.

“हां. साहब पासपोर्ट दे रहे हैं. मैंने दस्तखत कर दिया. शिवा की गलती थी.” मग जरा थांबून, “आठ दिन में घर आ जाऊंगा.”

“लगाती हूं,” ती म्हणाली. “पिन टूट गई है, बिठाने में पांच मिनट लगेंगे.”

असं खोटं तिच्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच ठाऊक. पत्रं शेजारच्या मशीनवर टाकावीत असं आधी मनात आलं, पण का कोण जाणे, तिने सहरच्या खणातून कोरी फ्लॉपी काढली. फ्लॉपी करकरत फिरायला लागली. एक पत्र झालं. फोन वाजला. दुसरं झालं. फोन वाजतच होता. आपण करतोय ते त्यांना तिकडे दिसतंय, असं उगाचच तिला वाटत राहिलं. तिसरं पत्र झालं. तिने फ्लॉपी ओढून मुठीत धरली आणि वायर लावली.

मग ती बघत उभी राहिली. तिन्ही पत्रं गेली. कचऱ्याची टोपली रिकामी झाली. बाण तिथेच थांबला नाही. तो शेजारच्या मशीनमध्ये शिरला, तिथले फोल्डर उघडून बघितले, मग तिसऱ्या मशीनमध्ये. आणि शेवटी फ्लॉपीच्या खणावर आला. रिकामा खण दोनदा करकरला. अजीजाच्या मुठीत फ्लॉपीचा कोपरा रुतला होता, तरी तिने मूठ सोडली नाही.

पुढचे आठ दिवस तिने कसे काढले, विचारू नका. घरात कोणालाही सांगितलं नाही. सासरे बोलून जातील, सहर भिऊन रडेल, आणि एक शब्द तिकडे पोचला तर आकिब कायमचा अडकेल. फ्लॉपी कपाटात ठेवली की चोर येईल असं वाटे, अंगाशी ठेवली की मोडेल असं. रात्री दारावर फांदी घासली तरी ती उठून बसायची. त्यात मधूनच नवऱ्याचा राग यायचा. गलती शिवाची म्हणे! आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटायची, कारण आठ दिवसांत घरी येतो हे ऐकून तिलाही आधी आनंदच झाला होता.

नवव्या दिवशी सकाळी मुंबईहून फोन आला. “उतरलो. दोस्ताकडं जेवून दुपारच्या गाडीनं निघतो.” अजीजाने रिसीव्हर ठेवला, बुरखा चढवला आणि पहिल्या एसटीने पेण गाठलं. तिथून टमटमने खाडीकडे.

इंदुबाईने फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. “काय गो हा?”

“यात तीन पत्रं हायत. शिवा पडायच्या आधीच परांची कुजलीय म्हणून लिवलेली, सायबाच्या सहीची. शिवाची चूक नव्हती. वकिलाला द्या. पावसात नेऊ नका, चुलीजवळ ठेवू नका.”

म्हातारीने ती काळी चौकोनी फ्लॉपी पदरात बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

तिन्हीसांजेला आकिब घरी आला. निम्मा झाला होता. अब्बांच्या गळ्यात पडला, सहरला जवळ घेतलं, चहा घेतला. खोलीत दोघंच उरल्यावर त्याने दार लोटलं.

“गेली ना सगळी पत्रं? नीट?”

“व्हय. माझ्या डोळ्यांसमोर.” अजीजा म्हणाली. “पण तुमी पुसायच्या आधी मी फ्लॉपीवर घेतली. सकाळी तुमचा फोन आल्यावर पेणला गेले आणि इंदुबाईच्या हातात दिली.”

“मी सही केलीय, अजीजा. खोटी. कागद कोर्टात गेले तर मला कोण कामाला ठेवील? मलाच पकडतील.”

“ठाऊक हाय.”

“ठाऊक असून दिलीस?”

“तुमी उतरल्याशिवाय नाय दिली,” ती म्हणाली. “आठ दिवस अंगाला बांधून होते. तुमचा पाय इथल्या जमिनीला लागला तेव्हाच दिली.”

आकिब पलंगाच्या कडेवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. तो तिच्यावर चिडून रडतोय की सुटल्यासारखं वाटून, हे अजीजाला कळेना. विचारायचा धीर तिला झाला नाही. ती नुसती त्याच्या शेजारी जाऊन बसली.