योगायोगाचा खण

शनिवारी संध्याकाळी 'योगायोग' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात दोनशे चौदा कार्डं होती. सोमवारी सकाळी तिथे तीन कार्डं, दोन टाचण्या आणि एक तुटका रबरबँड होता.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत एक रीत होती. शब्द कुठून आला ते आधी पेन्सिलीने लिहायचं. तपासनीसाने पुरावे पाहून सही केली, की मगच शाई. खणातले शब्द दूरच्या एका बेटाच्या भाषेतल्या शब्दांसारखे दिसत, अर्थही जुळत, पण नात्याचा पुरावा एकही नव्हता. तपासनीस तीच होती, आणि ते तपासण्यात तिची दोन वर्षं गेली होती.

बाकीची दोनशे अकरा कार्डं तिला 'आपले शब्द' या खणात सापडली. प्रत्येकावर शाईने लिहिलं होतं, 'बेटावरचा शब्द आपल्याच भाषेतून गेला.' खाली तिची सही. अक्षर मामाचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकू, हे कधी झालं?"

टाइपिस्ट काकूंनी यंत्रावरून मान उचलली नाही. "रविवारी. मला म्हणाले, भाचीला विचारलंय."

मामा मुख्य संपादक. ती कार्डं घेऊन तडक त्याच्या खोलीत गेली.

"मामा, हे काय आहे?"

"ऑफिसात सर म्हणायचं ठरलंय आपलं."

"सही ठोकताना भाची, आणि जाब विचारला की सर?"

"आवाज खाली. शुक्रवारी खंड छापायला जातोय. दोनशे शब्द डोळ्यांना सारखे दिसतात, अजून काय हवं तुला?"

"फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. दिसतात ना सारखे? नातं शून्य!"

"तुम्हा भाषाविज्ञानवाल्यांना शब्दाचा जिव्हाळाच नाही. आणि घरच्या माणसाने सही केली म्हणून आभाळ कोसळलं का? तुझ्या आईला सांगू, कशी बोलतेस ते?"

"सांगा. खोटी सही केलीत, तेही सांगा. तपासनीस म्हणून माझं नाव छापलं जाणार आहे, तुमचं नाही."

मामाने चष्मा पुसला. त्याचं हे चष्मा पुसणं ती लहानपणापासून ओळखत होती. उत्तर नसलं की तो काच पुसायचा. तिचा राग आणखीच चढला.

"मग पैज घ्या," ती म्हणाली. "ही निवडलेली कार्डं नकोत, संपूर्ण शब्दसंग्रहातून चिठ्ठ्या टाकून दोनशे अर्थ काढू. शंभर-शंभरचे दोन गठ्ठे. प्रत्येक कार्डावर अर्थ, आपला शब्द आणि बेटावरचा शब्द. एका गठ्ठ्यात काकू बेटावरचे शब्द पिसून भलत्याच अर्थांना जोडतील. कुठला गठ्ठा ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. नात्याचे वाटतील त्यांच्यावर लाल खूण करा. नातं असेल तर न पिसलेल्या, खऱ्या गठ्ठ्यात खुणा जास्त निघतील. दुप्पट निघाल्या, तर दोनशे अकरा सह्या मी स्वतः करते. नाहीतर कार्डं परत खणात."

"दुप्पट? दसपट निघतील!" मामा हसला.

काकूंना टंकायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस ती मामाशी एक शब्द बोलली नाही. आईने फोनवर विचारलं, "मामाशी काय बिनसलं?" तिने फोन ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी मामा लाल पेन्सिल घेऊन बसला. "हा बघ, लख्ख आपला! आणि हा तर सख्खा भाऊच!" दोन्ही गठ्ठ्यांवर तो सारख्याच जोमाने रेघा ओढत होता. ती दातओठ खात भिंतीला टेकून उभी राहिली.

त्याने पेन्सिल खाली ठेवल्यावर काकूंनी घडी घातलेली चिठ्ठी उघडली. "पहिला गठ्ठा खरा. दुसरा पिसलेला."

मामाने चष्मा काढला. तिने खुणा मोजल्या. मग काकूंनी पुन्हा मोजल्या.

खऱ्या गठ्ठ्यात सतरा. पिसलेल्या गठ्ठ्यात एकोणीस.