बारावा खड्डा

आयोवातल्या आपल्या शेताखालची पाणी निचऱ्याची एकूण एक नळी आपण डोळे मिटून दाखवू, अशी फुशारकी डेल्मर त्वेट गावातल्या कॉफीच्या टेबलावर चाळीस वर्षं मारत आला होता. आज सकाळपासून त्याने डोळे चांगले उघडे ठेवून अकरा खड्डे खणवले होते आणि अकराही कोरडे निघाले होते.

खालच्या वीस एकरांतलं तळं त्यानेच तरुणपणी जमिनीत मातीच्या नळ्या पुरून आटवलं होतं. नकाशा काढायची गरज त्याला वाटली नव्हती. एवढं डोकं असताना कागद कशाला? आता सरकारी योजनेत ती जमीन कायमची पाणथळ ठेवायचा करार त्याने केला होता. मुख्य नळी फोडली की तळं आपोआप भरणार होतं. तिथला मका कुजतो म्हणून सही केली, असं तो लोकांना सांगे. खरं म्हणजे नवी नवरी असताना आर्डिस त्या काठावर तासन्‌तास बदकं बघत बसायची, आणि आता पंच्याहत्तरीत त्याला ते फार आठवायचं. तिला हे सांगायची मात्र हिंमत नव्हती.

"मशीन संध्याकाळी दुसरीकडे न्यायचंय," खोदकामवाला कर्ट म्हणाला. "नंतर जमीन गोठेल. मग पुढच्या वर्षीच."

पुढच्या वर्षी आपण दोघं असू का, असं डेल्मरच्या मनात आलं. तरीही त्याने ऐटीत तिसरीकडेच बोट दाखवलं.

तेवढ्यात आर्डिस कॉफीचा थर्मास घेऊन आली. खड्डे बघून म्हणाली, "घुशी झाल्यात वाटतं." मग घराकडे एकदा वळून पाहत ती तीस पावलं चालली आणि बुटाची टाच रोवली. "इथे खण, कर्ट."

चार फुटांवर नळी लागली. फुटली, आणि खड्ड्यात पाणी चढू लागलं.

"तुला गं कसं ठाऊक?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच तर पुरलीस. भांडी घासताना रोज तीच जागा बघतेय."

डेल्मरने घराच्या खिडकीकडे पाहिलं. "रागावली होतीस?"

"नऊ वर्षं. मग मुलांच्या शाळा सुरू झाल्या, वेळच मिळाला नाही."

एवढी वर्षं एका ताटात जेवून त्याला याचा पत्ता नव्हता. "तुझ्यासाठीच सही केली मी," तो एकदाचा म्हणाला.

"माहितीय," आर्डिस म्हणाली, आणि वर येणाऱ्या पाण्याकडे बघत ओल्या मातीतच बसली.