चापड्यावर पांघरलेली शाल

मित्रांनो, मी सत्काराची शाल. आता माझा रंग उडालाय, एका टोकाची झालर विरलीये आणि कितीही धुतलं तरी अंगाला ओल्या मातीचा वास येतो तो येतोच. पण एके काळी मला तबकात नारळाशेजारी ठेवून मिरवत आणलं होतं. शालीच्या जन्माला येऊन आणखी काय हवं असतं? तरीही माझी गोष्ट सांगायची म्हटलं की मी कानकोंडी होते. का ते सांगते.

भिवंडीच्या एका यंत्रमागावर मी विणली गेले. अंग साधं पांढरं, काठ हिरवा. तिथून कल्याणच्या घाऊक बाजारात आले. गठ्ठ्यात माझ्या पुष्कळ बहिणी होत्या. सत्काराच्या शालीचं नशीब ठरलेलं असतं, मित्रांनो. एकाच्या खांद्यावरून उतरायचं, कपाटात पडून राहायचं आणि दुसऱ्या कुणाचा सत्कार निघाला की त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याच्या खांद्यावर चढायचं. काही जणींची घडी तर आयुष्यभर मोडत नाही.

मला मात्र चित्राताईंनी निवडलं. चित्राताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, घोडबंदर रोडच्या एका उंच सोसायटीत राहणाऱ्या. दुकानदार वरची वरची शाल काढून देत होता, तर यांनी अख्खा गठ्ठा सोडायला लावला. एकेक शाल गालाला लावून बघितली. म्हणाल्या, फिरती शाल नकोय मला, त्या मुलाने ती थंडीत खरंच पांघरली पाहिजे. मी तर हरखूनच गेले.

तो मुलगा म्हणजे विनीत. डोंबिवलीत आईबरोबर राहायचा आणि नोकरी सांभाळून सर्पमित्राचं काम करायचा. भाद्रपदात चित्राताईंच्या सोसायटीत शोभेच्या बांबूवर एक साप निघाला होता. हिरवागार, तिकोनी डोक्याचा, झाडावर राहणारा विषारी साप. चापडा म्हणतात त्याला. येऊरचं जंगल तिथून फार लांब नाही, तिथूनच आला असणार. खाली एकच पळापळ झाली. कुणीतरी काठी घातली, ती शेपटीवर बसली आणि शेपटीचं टोक तुटलं. दुसरी काठी पडायच्या आत चित्राताई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, त्या विनीत येईपर्यंत हलल्या नाहीत.

विनीतने सफाईने साप डब्यात घेतला. मादी आहे म्हणाला. आजच वनखात्याला कळवतो आणि येऊरला सोडून येतो, असा सगळ्यांसमोर शब्द दिला. त्यानंतर चित्राताईंनी त्याला एकदाही विचारलं नाही, सोडलीस का रे म्हणून. चांगल्या माणसाचा शब्द पुन्हा तपासून बघायचा नसतो, असं त्या मानत.

नवरात्रात सोसायटीने विनीतचा सत्कार ठेवला. चित्राताईंनी स्वतः मला त्याच्या खांद्यांवर घातलं, नीट सारखं केलं आणि माइकवर म्हणाल्या, "हा मुलगा शब्दाचा पक्का आहे. म्हणून तो जीव आज त्याच्या घरी, त्याच्या बांबूत आहे."

टाळ्या पडल्या. विनीतने मान खाली घातली. लोक एकमेकांना म्हणाले, किती विनय आहे बघा पोराला. मी त्याच्या मानेला लागूनच होते. मान तापली होती आणि घामाने माझा काठ भिजला होता. मला वाटलं, मंडपात उकडत असेल बिचाऱ्याला.

घरी आल्यावर विनीत बूटसुद्धा न काढता गॅलरीत गेला. तिथे काचेची एक मोठी पेटी होती, पूर्वी मासे ठेवायची. आता तिच्यात कुंडीतला बांबू होता, एक आडवी फांदी होती आणि फांदीवर वेटोळं करून ती बसलेली होती. तुटक्या शेपटीची. मी बघतच राहिले. समोरच्या इमारतीतून हल्ली कुणीतरी गॅलरीत डोकावायचं, म्हणून विनीतने मला खांद्यावरून काढलं आणि पेटीवर टाकलं. सापाला वाचवल्याबद्दल मिळालेली शाल सापालाच लपवायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनीत वाईट होता का? नाही हो. तोच तर सगळा घोळ आहे. त्या संध्याकाळी घोडबंदर रोडला गाड्या हलत नव्हत्या, म्हणून तो तिला घरी घेऊन आला. उद्या सोडू म्हणाला. उद्या ऑफिस निघालं. मग शेपटीची जखम भरू दे म्हणाला. आणि मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायची त्याला चटक लागली. दिसायचीच तशी ती. पाण्याचा फवारा मारला की अंगावर थेंब जमायचे आणि ते ती स्वतःच्याच अंगावरून हळूहळू प्यायची. विनीत डोळे भरून बघायचा आणि फोनवर कुणाला सांगायचा नाही. वनखात्याला तर नाहीच नाही.

घरात हौसाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, यातली लपवाछपवी ठाऊक नव्हती. पोराकडे वनखात्याचं परवानगीचं कार्ड आहे, तेव्हा हे सगळं रीतसरच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी तिचं नाव हिरवी ठेवलं होतं. मूळच्या त्या कोकणातल्या, सापाची भीती बेताचीच. त्यांना काळजी वेगळीच होती. हिरवी हलत नाही, फार खात नाही, नुसती बसून असते. चापडा असाच असतो, मित्रांनो. तो फांदीवर दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ येईस्तोवर हलत नाही आणि एकदा खाल्लं की कितीतरी दिवस त्याला काही लागत नाही. विनीतला हे पाठ होतं. पण हौसाबाईंच्या डोक्यात तेव्हा एकच विषय होता, विनीतचं लग्न. रोज स्थळं बघणं चालू होतं. त्या हिरवीकडे बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. एकट्याला जेवण जात नाही, म्हणायच्या. तुलाही जात नाही आणि हिलाही जात नाही.

पहिल्यांदा विनीत हसला. मग त्यालाही ते पटायला लागलं. आपल्याला हवं असलं की काय नाही पटत! त्याचा मुरबाडकडचा मित्र संदेश एक नर घेऊन आला. रानातल्या बांबूवर आरामात बसलेला होता, उचलून आणला. हिरवीपेक्षा आकाराने बराच लहान. त्याला धाकटा म्हणायला लागले. माझं एक टोक उचललं गेलं, पेटी उघडली आणि धाकटा आत गेला.

भांडण वगैरे झालं नाही. उलट दोघं एकाच फांदीवर, डोक्याला डोकं लावून बसायचे. हौसाबाईंना कोण आनंद झाला. कशी जोडी जमली बघ, म्हणाल्या. पण मी दिवसरात्र काचेला चिकटून होते, मला खरं काय ते दिसत होतं. पेटीत बसण्याजोगी फांदी एकच होती. जंगलात दोघांना नको झालं असतं तर एक या झाडावर आणि दुसरा त्या झाडावर गेला असता. इथे जाणार कुठे? आणि वरून मी. हवा कोंडायची, काच धुरकट व्हायची. मी ऊब द्यायला विणलेली, आणि त्यांना हवा होता गारवा.

विनीत खायला घालायचा तेव्हा एकाला बाहेर काढून दुसऱ्या डब्यात ठेवायचा. विषारी सापाला असं हलवणं जोखमीचं काम. एकदा संदेश आलेला होता. मोबाइल काढून तो म्हणाला की आज दोघांना एकत्रच दे, बघू तरी. हौसाबाईही हसत म्हणाल्या, की नवरा-नवरीला एका ताटात जेवायला बसवतातच की. आपल्याकडची ती कौतुकाची रीत. विनीत थोडा थांबला. मग त्याने चिमट्याने एक उंदीर आत धरला.

चापड्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये एक बारीक खळगा असतो, त्याने त्याला ऊब कळते. दोघांना एकच ऊब कळली. दोघांनी एकदमच झेप घेतली आणि उंदीर दोन्हीकडून धरला. सोडायला कुणीच तयार नाही. हिरवी मोठी, ती गिळत गिळत पुढे सरकली आणि उंदीर संपला तिथे धाकट्याचं डोकं लागलं. ती थांबली नाही. तिला काय कळणार? विनीतने कशीबशी दोघांना सोडवलं, पण वेळ गेली होती. धाकटा सकाळपर्यंत तसाच पडून राहिला आणि मग गेला. हिरवीच्या तोंडाला जखम झाली. संदेशने मोबाइल खिशात टाकला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

विनीत त्या दिवशी जेवला नाही. आता तरी हिला सोडेल, असं मला वाटलं. पण आता सोडायचं म्हणजे वनखात्याकडे जायचं, जखम कशी झाली ते सांगायचं, सगळंच उघड करायचं. एका लाजेवर दुसरी लाज चढली की माणूस अडकत जातो, मित्रांनो. त्याने मला पेटीवर अजून नीट पसरलं, एकही कोपरा उघडा राहणार नाही असं. चहाचा कप घेऊन यायचं तेवढं बंद केलं. नुसता फवारा मारायचा, जखमेला औषध लावायचा आणि आत निघून जायचा. हिरवीचा बांबू तिकडे येऊरला आणि ती इथे माझ्या अंधारात. ती घरी जाणार की धाकट्यासारखी संपणार, एवढाच विचार मी करत राहायचे.

गुढीपाडव्याच्या आधी एका दुपारी बेल वाजली. दारात चित्राताई. त्यांची भाची मैथिली लग्नाची होती आणि तिच्यासाठी त्यांना विनीतइतकं खात्रीचं दुसरं स्थळ दिसत नव्हतं. स्वतः बोलायला आल्या होत्या. हौसाबाईंना तर काय करू अन् काय नको असं झालं. पोहे झाले, चहा झाला, आणि घर दाखवता दाखवता त्या पाहुणीला गॅलरीत घेऊन आल्या. विनीत मागून आई, आई करत आला, पण हौसाबाईंनी मोठ्या कौतुकाने मला पेटीवरून ओढलं. म्हणाल्या, ही बघा तुमची हिरवी. तुम्हीच वाचवलेली. जोडीदार आणला होता हो तिला, पण टिकला नाही बिचारा.

चित्राताई वाकल्या. त्यांनी तिकोनी डोकं बघितलं, ओठाजवळचा जखमेचा वण बघितला आणि शेवटी तुटकी शेपटी बघितली. मग हौसाबाईंच्या हातात लोंबणारी मी दिसले. माझा हिरवा काठ त्यांनी बोटांत धरला.

"मी ही तुझ्या खांद्यावर घातली, विनीत, तेव्हा ती इथे होती?"

"हो," विनीत म्हणाला.

हौसाबाई एकदा विनीतकडे, एकदा चित्राताईंकडे बघत होत्या. हळूहळू त्यांना उलगडलं तसा त्यांचा चेहरा उतरला आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. चित्राताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "चल. मी येते बरोबर."

मैथिलीचा विषय पुन्हा निघाला नाही. विनीतने वनखात्याला फोन लावला आणि जे होतं ते सगळं सांगितलं, धाकट्याचंसुद्धा. हिरवीला डब्यात घेतलं, हादरे बसू नयेत म्हणून डब्याखाली माझी घडी ठेवली. घोडबंदर रोडला नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. चित्राताई एका हाताने डबा धरून बसल्या होत्या. वनखात्याच्या साहेबांनी विनीतला सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं आणि त्याचं कार्ड काढून घेतलं. पुढे चौकशीही झाली. डॉक्टरांनी हिरवीचं तोंड तपासलं, वण भरलाय म्हणाले, आणि उन्हं उतरल्यावर वनरक्षकांबरोबर आम्ही येऊरच्या बांबूपाशी गेलो.

मला वाटलं होतं ती क्षणभर तरी वळून बघेल. साप कशाला वळून बघतोय? ती एका काडीवर चढली, मग दुसरीवर, आणि पानांत अशी मिसळली की शोधूनही दिसेना. विनीत डोळे पुसत होता. धाकटा मुरबाडच्या त्याच्या बांबूवर कधीच परत जाणार नव्हता.

विनीत मला धुऊन, इस्त्री करून चित्राताईंकडे परत द्यायला गेला. त्यांनी मला घेतलं नाही. हौसाबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, कुणाच्या तरी सत्काराला होईल म्हणाल्या. तेव्हा विनीतने पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, ही कुणाच्या खांद्यावर नको, आई.

आता मी सापाच्या डब्याखाली असते. बऱ्याच महिन्यांनी त्याला कार्ड परत मिळालं, पण आता तो एकटा जात नाही, वनखात्याच्या माणसांबरोबरच जातो. मित्रांनो, रानातला जीव देखणा दिसला म्हणून घरात आणू नका. एकटा वाटला म्हणून त्याला जोडीदार आणू नका. तो एकटा नसतो, त्याच्या घरी असतो. आणि कुणी तुमच्या खांद्यावर शाल घालत असेल आणि ती आपली नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथेच, माइकसमोर, काढून द्या. फार तर चार माणसं हसतील.

परवा चित्राताईंच्या सोसायटीत पुन्हा एक चापडा निघाला. त्यांनी विनीतलाच बोलावलं. मला केवढं बरं वाटलं. त्याने डबा बंद केला, माझ्यावर ठेवला आणि वनरक्षकाबरोबर निघाला. येऊरचा रस्ता लागतो न लागतो तोच त्याचा फोन वाजला.

"सोडलास का?" चित्राताईंनी विचारलं.

"पोचतोच आहे, बाई. सोडला की सांगतो."

सोडल्यावर त्याने सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. मग अवघडून त्यांनी वनरक्षकाला फोन द्यायला सांगितला. विनीतने तो दिला आणि मान खाली घालून उभा राहिला.