न लिहिलेला गडगडाट

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेले भाऊबंद टाक्या झाले, डबे झाले. मी मात्र ढग झालो. नाटकमंडळीच्या सुताराने मला खाली लाकडी मूठ बसवली आणि पडद्यामागे दोरीने टांगले. मूठ धरून हलवले की मी असा गडगडायचो, की पुढच्या रांगेतली माणसे छत्री चाचपायची.

माझी मूठ ढगमामा धरत. सगळी मंडळी त्यांना याच नावाने हाक मारत. आमचे गाजलेले नाटक म्हणजे एक शोकांतिका. त्यात धाकट्या राजपुत्राला एक ज्योतिषीण सांगते, की तू राजा होशील. मग थोरला भाऊ लढाईतून जखमी होऊन येतो, तेव्हा धाकटा किल्ल्याचे दारच उघडत नाही, आणि पुढे सगळ्यांचाच सत्यानाश होतो. ही धाकट्याची भूमिका आमचे मुख्य नट करत; सगळे त्यांना राजेसाहेबच म्हणत. मामांनाही ती शब्दन्‌शब्द पाठ होती. मला पुसता पुसता ते ती म्हणत. वीस वर्षे त्यांनी तो मुकुट मनातल्या मनात घातला. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

राजेसाहेबांचे वय झाले, शब्द निसटू लागले. एका दुपारी प्रयोगाआधी दिग्दर्शिका बाई हळूच म्हणाल्या, “मामा, आज ते अडखळले, तर पुढच्या प्रयोगापासून तुम्ही. कुठे बोलू नका.”

मामांनी मला त्या दिवशी दोनदा पुसले.

किल्ल्याच्या दाराचा प्रसंग आला. बाहेरून थोरला ओरडला, “दार उघड रे!” राजेसाहेबांनी तोंड उघडले, पण शब्द फुटेना. मुकुट मिळवायला मामांना काहीच करावे लागणार नव्हते, नुसते गप्प राहायचे होते. मुठीवरचा त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. खरे सांगतो, मलाही वाटले, राहू द्या गप्प.

आणि मामांनी मला गदागदा हलवले. तिथे गडगडाट लिहिलेलाच नव्हता. त्या आवाजाच्या आड ते पुढचे वाक्य ओरडले. प्रेक्षकांना ऐकू गेले नाही, राजेसाहेबांना गेले. त्यांनी ते उचलले आणि प्रसंग असा रंगला, की टाळ्या थांबेनात.

“मामा, तिथे ढग नव्हते,” बाई म्हणाल्या.

“हात चुकला, बाई.”

राजेसाहेब मुकुटासकट आत आले आणि मामांशेजारी स्टुलावर टेकले. “वीस वर्षांत तुझा हात कधी चुकला नाही रे,” म्हणाले आणि कितीतरी वेळ तो हात धरून बसले.

राजेसाहेब आणखी तीन वर्षे त्या भूमिकेत उभे राहिले. नंतर भूमिका एका तरुण नटाला मिळाली. मामांच्या डोक्यावर मुकुट कधीच आला नाही, आणि गडगडाटासाठी यंत्र आले. मी रंगाच्या डब्यांमागे गंजत पडलो आहे.

मित्रांनो, यंत्र चांगले आहे, अगदी वेळेवर वाजते. पण कुणी अडखळले, तर त्याला कळत नाही. म्हणून मला भंगारात देऊ नका, मधूनमधून पुसत जा. प्रयोगाला मामा अजूनही येतात आणि माझ्याजवळ बसतात. दाराचा प्रसंग आला, की त्यांचा हात आपोआप माझ्या मुठीवर येतो, न जाणो, आज कुणाला माझी गरज लागली तर.