गिझरच्या टायमरची चूक

मित्रांनो, मी गिझरचा एक जुना टायमर आहे. सध्या पत्र्याच्या डब्यात गंजक्या स्क्रूंच्या सोबतीला पडून आहे. माझ्यामुळे एका भल्या माणसावर आळ आला. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक लहानशी मोटर आणि प्लॅस्टिकची चार चाकं बसवली. तोंडावर चोवीस तासांची तबकडी आणि तिच्या कडेला खुंट्या. एक खुंटी आली की मी गिझर चालू करायचो, दुसरी आली की बंद.

मला घरी आणलं आजोबांनी. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले होते. वीज गेली की माझी तबकडी थांबायची. वीज आली की आजोबा मनगटावरचं घड्याळ बघत मला वेळेवर आणायचे. "काय रे, दमलास का?" असं विचारायचे. लेक म्हणायची, "बाबा आहेत म्हणून घर वेळेवर चालतं." ते ऐकून आम्ही दोघंही फुलून जायचो.

सहा वर्षं अशी गेली. मग माझ्या आतल्या एका चाकाचा दात तुटला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, पण चाक अधूनमधून घसरायचं आणि मी तासभर मागे पडायचो. सकाळी नळाला गार पाणी, आणि लेकीची कामावर जायची घाई.

"बाबा, टायमरला हात लावलात?"

"नाही गं. कालच तर वेळ बरोबर होती."

"मग आपोआप मागे गेला? वीज तर गेली नव्हती."

आजोबांनी माझ्या डबीला कान लावला. "आतला दात गेलाय बहुतेक. उघडून बघू का?"

"नको बाबा! शॉक बसेल. हात थरथरतात तुमचे."

मित्रांनो, आजोबांचं अगदी बरोबर होतं! पण मला नुसती घरघर करता येते.

लेक वाईट नव्हती. दमलेली होती, घाबरलेली होती. बाबा विसरायला लागले, असं तिच्या मनाने घेतलं. कुणी हात लावू नये म्हणून तिने माझ्यावर चिकटपट्टी लावली. तरी मी मागे पडलोच. तिला वाटलं, बाबांनीच पट्टी काढून परत लावली. मग औषधांचा डबा तिने आपल्या ताब्यात घेतला. आजोबांचं एकट्याने बाहेर जाणं बंद झालं. एका सकाळी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, एकदा खरं काय ते सांगा ना."

आजोबा माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लावला असेल गं हात. मला आठवत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं.

पुढे मी पूर्ण बंद पडलो, तेव्हा वायरमन आला. त्याने आधी बटणाला वीज येते का ते तपासलं. मग मला बाजूला काढून गिझर थेट जोडला. पाणी तापलं. म्हणजे दोष माझ्यातच होता. त्याने मला उघडलं.

"ताई, हा दात बघा. तुटलेली कड झिजून गुळगुळीत झालीय. वर्षभर तरी हा मागे पडत असणार."

"वीज गेली नसताना?"

"हो. कुणी हात न लावता."

लेकीने ते चाक मागून घेतलं. मग ते मुठीत धरून खिडकीपाशी बसलेल्या आजोबांकडे गेली. "बाबा, तुम्ही बरोबर होतात. दातच तुटला होता. तुम्ही काही केलं नव्हतं."

आजोबांनी चाकाकडे नुसतं पाहिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे बाळा. तोही मीच तोडला असेल."

ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडत राहिली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. एवढीच विनवणी आहे, की घरातलं म्हातारं माणूस "मी नाही केलं" म्हणालं, तर आधी यंत्र उघडून बघा. दहा मिनिटं लागतात. तेवढी त्यांच्यासाठी काढा.