दारात आडवी ट्रॉली

ताईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "चादर वाकडी पडली तर पडू दे. पण ट्रॉली दारात आडवीच लावायची. आत पाहुणा असेल तर दार बंद होता कामा नये."

आम्ही बहीणभाऊ हॉटेलच्या एकाच मजल्यावर रूम साफ करायचो. ती त्या टोकाकडून, मी या टोकाकडून.

कोपऱ्यातल्या रूमचा पाहुणा ताई आली की बाहेर जायचाच नाही. खुर्चीत बसून बघत राहायचा. बोलणं गोड. "एक सुरकुती राहिली बघा, पुन्हा घाला ना चादर."

"ती रूम मी करतो," मी म्हणालो.

"तू? तुझ्या उशा बघून लोक हॉटेल सोडतील," ताई हसली. "माझी ट्रॉली आहे ना पहाऱ्याला."

त्या सकाळी टॉवेल घ्यायला मी बाहेर आलो. ताईची ट्रॉली भिंतीला लागून सरळ उभी. कोपऱ्यातलं दार बंद.

"मीच सरकवली," लिफ्टपाशी उभ्या सुपरवायझरबाई म्हणाल्या. "तुम्ही रस्ता अडवता, बोलणी मी खाते."

"आत ताई आहे!"

"मग काम करत असेल."

मी दार ठोठावलं. "ताई?"

"त्या कामात आहेत." पाहुण्याचा आवाज. तसाच गोड.

ताईचा आवाज नाही. माझी ताई म्हणजे भिंतीशीही भांडेल अशी बाई. मी माझ्याकडची मजल्याची किल्ली फिरवली. दार बोटभर उघडलं आणि अडलं. आतून साखळी.

भिंतीवरच्या फायर अलार्मची काच मी कोपरानं फोडली.

घंटा घणघणली. धडाधड दारं उघडली, माणसं पॅसेजमध्ये. मग ती साखळीही सरकली. ताई बाहेर आली. मळक्या चादरींचा गोळा छातीशी घट्ट धरलेला. एका पायात चप्पल नव्हती.

मागून पाहुणा. "कुठंय आग?"

"ताई, त्यानं काही..."

"हात धरला होता. तू आलास. चल इथून." चादरी तिनं तिथंच टाकल्या.

"अगं, जातेस कुठं?" सुपरवायझरबाई ओरडल्या. "साहेब महिनाभर आहेत! त्यांची रूम कोण करणार?"

ताईनं वळूनही बघितलं नाही. आम्ही जिन्यानं उतरायला लागलो. वरून बाईंचा आवाज आला. कालच लागलेल्या पोरीला हाक मारत होत्या.

"ए नवी! इकडे ये. आणि ट्रॉली नीट भिंतीला लाव गं."

ताईचा बिनचपलेचा पाय पायरीवरच थांबला.